बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं जानेवारीत

परभणीची ख्याती उन्हाची. मे महिन्यात पारा 44-45 अंशांना टेकतो, दुपारी स्टेशन रोड ओस पडतो आणि रात्री गच्चीवरची फरशीसुद्धा झोपू देत नाही. त्याच परभणीत डिसेंबर 2018 च्या अखेरीस वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान 3 अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं होतं. महाबळेश्वर नाही, निफाड नाही, परभणी! बाहेरच्या माणसाला ही छपाईची चूक वाटावी. परभणीकरांना त्यात फारसं नवल नव्हतं. अशा सकाळी वसमत रोडपासून जिंतूर रोडपर्यंत गल्लीगल्लीतून एकच आवाज उठतो: घर्र... घर्र... घर्र. जरा शांतता. मग कुणाचा तरी सल्ला, "अजून एकदा मारा सेल्फ."

3 अंश म्हणजे काही लडाख नव्हे. पाणी गोठत नाही, पेट्रोल तर अजिबातच नाही. मग काल संध्याकाळपर्यंत गुपचूप चालणाऱ्या गाडीला सकाळी काय होतं? उत्तर शोधायला बसलं की या एका घरघरीत आकाश, आइनस्टाइन, ऊस आणि जर्मनी असं सगळं निघतं.

आधी थंडीचंच पाहू. हिवाळ्यात मराठवाड्यावर आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि रात्री वारा पडलेला. दिवसभर तापलेली जमीन अंधार पडला की अवरक्त किरणांच्या रूपानं आपली उष्णता वर सोडत राहते. हवेत भरपूर बाष्प असतं किंवा वर ढग असते, तर त्यांनी त्यातली बरीच उष्णता शोषून पुन्हा खाली धाडली असती. मुंबईत समुद्रामुळे तसंच होतं. परभणीत अडवणारं कुणी नाही. उष्णता सरळ अवकाशात जाते. त्यात उत्तरेकडून गार, कोरडे वारे उतरले की झालंच. ही गळती सूर्य उगवेपर्यंत थांबत नाही, म्हणून पारा तळाला जातो तो मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या सुमारास. म्हणजे नेमका गाडी बाहेर काढायच्या वेळी.

गाडीचा पत्राही हाच उद्योग करतो. उघड्या आकाशाखाली उभ्या गाडीचं छत आणि काच आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. म्हणून रस्ता कोरडा असला तरी काचेवर दव साचतं. तीच गाडी लिंबाच्या झाडाखाली लावली तर काच बहुधा कोरडी राहते, कारण झाडाची पानं आकाशापेक्षा कितीतरी उबदार असतात आणि त्यांची उष्णता गाडीला मिळत राहते. तेव्हा हिवाळ्यात गाडी झाडाखाली किंवा शेडमध्ये लावण्याला पक्का शास्त्रीय आधार आहे. वाऱ्याची भीती मात्र गाडीला नको. गार वाऱ्यानं आपल्याला हुडहुडी भरते, ती आपलं अंग गरम असतं म्हणून. रात्रभर बंद राहिलेलं इंजिन हवेच्या तापमानाला आलेलंच असतं; वारा कितीही सुटला तरी तो त्याला हवेपेक्षा गार करू शकत नाही.

आता बोनेट उघडू. कोपऱ्यात ठेवलेली ती जड काळी पेटी 1859 साली फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यानं शोधलेल्या रचनेची वंशज आहे. आत शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या, आणि त्यांना बुडवणारं सौम्य सल्फ्युरिक आम्ल. एका कप्प्यात साधारण 2.1 व्होल्ट, असे सहा कप्पे मिळून 12.6. मोबाइलपासून उपग्रहापर्यंत सगळं बदललं, पण बहुतेक गाड्यांना सकाळी उठवायचं काम अजून हे शिसंच करतं.

आणि हे शिसं साधं नाही. त्याच्या अणुकेंद्रात 82 प्रोटॉन असतात. त्या प्रचंड ओढीमुळे अगदी आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या 60 टक्क्यांच्या आसपास जातो. इतक्या वेगाला न्यूटनचे नियम पुरत नाहीत, तिथे आइनस्टाइनची सापेक्षता लागते. 2011 मध्ये राजीव आहुजा, पेक्का प्यूक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात गणित मांडून दाखवलं, की बॅटरीच्या दर कप्प्यातल्या 2.1 व्होल्टपैकी 1.7 ते 1.8 व्होल्ट निव्वळ सापेक्षतेच्या परिणामातून येतात. आवर्तसारणीत शिशाच्या डोक्यावरच बसलेलं कथील रासायनिकदृष्ट्या त्याचा धाकटा भाऊ, पण त्याचा अणू हलका, त्यामुळे हा परिणाम नगण्य. कथलाची अशी बॅटरी होत नाही. थोडक्यात, परभणीच्या गल्लीत कुणी चावी फिरवतं तेव्हा सेल्फला मिळणाऱ्या 12 व्होल्टपैकी 10 च्या आसपास व्होल्ट आइनस्टाइनच्या खात्यातले असतात. मला तरी हे वाचल्यापासून बॅटरीकडे पूर्वीच्या नजरेनं पाहता आलेलं नाही.

थंडीत हे व्होल्ट फारसे कमी होत नाहीत. आटतो तो प्रवाह. सेल्फ फिरवायला छोट्या पेट्रोल गाडीलाही शंभर-दोनशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून जास्त, आणि तेही एका दमात. गार आम्लात आयनांची हालचाल मंदावते, पट्ट्यांवरची रासायनिक क्रिया रेंगाळते, बॅटरीचा आतला रोध वाढतो. 27 अंशांना जी बॅटरी आपली पूर्ण ताकद देते, ती 0 अंशाला साधारण 65 टक्केच देते, असा बॅटरीच्या धंद्यातला जुना हिशेब आहे. परभणीच्या गारठ्यात म्हणजे तिची पाव-तिसरा हिस्सा ताकद गेलेलीच असते.

पण नव्या, धडधाकट बॅटरीला पाव ताकद गेल्यानं काही फरक पडत नाही. तिच्यात तेवढी शिल्लक असतेच. फरक पडतो तो आधीच खंगलेल्या बॅटरीला. आणि ती खंगते कधी? उन्हाळ्यात. बाहेर 45 अंश असताना बंद बोनेटखाली, चालू इंजिनाच्या शेजारी, तापमान सहज 60 च्या पुढे जातं. त्या उष्णतेत बॅटरीतलं पाणी उडतं, पट्ट्यांची जाळी गंजून ठिसूळ होते, गाडी न वापरता तशीच उभी राहिली तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक थर धरतात. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा रासायनिक झिजेचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. गंमत अशी, की उष्णतेत ती बॅटरी तेवढ्यापुरती जास्तच जोमानं काम करते, त्यामुळे मे महिन्यात मालकाला पत्ताही लागत नाही. सेल्फ कसा खटक्यात मारते! दम संपलेला असतो, तो दिसतो पहिल्या कडाक्याच्या थंडीत. शिव्या मात्र डिसेंबर-जानेवारी खातात. म्हणूनच परभणी हा बॅटरीसाठी कठीण जिल्हा आहे, नुसता थंड नव्हे: एकाच वर्षात 3 आणि 45 दोन्ही दाखवणारा.

दुसरं प्रकरण ऑइलचं. काकवीची बरणी थंडीत तिरपी केली तरी धार यायला वेळ लागतो, तसंच इंजिन ऑइलचं. रात्रभर ते खाली टाकीत जाऊन बसतं आणि दाट होतं. सकाळी दम गेलेल्या बॅटरीला क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि ऑइलपंप या दाट द्रवातून ओढून फिरवायचे असतात. म्हणजे ताकद घटते त्याच वेळी ओझं वाढतं, आणि दोन्हींचं कारण एकच. डब्यावर 20 डब्ल्यू 50 किंवा 5 डब्ल्यू 30 असे आकडे असतात. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल थंडीत पातळ राहतं. मागचा आकडा तापलेल्या इंजिनासाठी. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच भरावं. "आपल्याकडे ऊन फार, जाडच टाका" हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळात खपून जायचा. आजच्या बारीक फटींच्या इंजिनाला तो सोसत नाही. गिअरबॉक्समधलं ऑइलही गारठलेलं असतं. क्लच दाबून सेल्फ मारला की तेवढं ओझं बाजूला होतं. हे आपले जुने ड्रायव्हर पुस्तक न वाचता करत आले आहेत.

आता इंधन. पेट्रोल पेटतं असं आपण म्हणतो, पण द्रव पेट्रोल पेटत नाही, पेटते त्याची वाफ. गार सिलिंडरमध्ये आणि गार नळीत पेट्रोलचे थेंब भिंतींना चिकटून बसतात, वाफ कमी होते. उपाय सोपा: जास्त पेट्रोल सोडा, म्हणजे त्यातला हलका, चटकन उडणारा अंश तरी पुरेसा मिळेल. जुन्या स्कूटरचा चोक हेच करायचा. कार्बुरेटरची हवा अडवून मिश्रण दाट करायचा. आता गाडीतला छोटा संगणक कूलंटचं तापमान बघून स्वतःच ठरवतो की आज किती थेंब जास्त. हा सेन्सर बिघडला तर 4 अंशांच्या सकाळी संगणकाला बाहेर जेठ महिना आहे असं वाटतं आणि गाडी काही केल्या पेट घेत नाही. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी बॅटरीला दोष देऊ नये. गडबड स्पार्क प्लगची, इंधनाची किंवा अशा एखाद्या दोन पैशांच्या दिसणाऱ्या सेन्सरची असते.

पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्के इथेनॉल असतं, आणि ऊस पिकवणाऱ्या परभणीचा त्याच्याशी जवळचा संबंध. शुद्ध इथेनॉल 13 अंशांच्या खाली पेटण्याजोगी वाफच देत नाही. म्हणजे परभणीत जानेवारीच्या सकाळी निव्वळ इथेनॉलवरची गाडी हटूनच बसली असती. ब्राझीलनं हा प्रश्न प्रत्यक्ष भोगला. तिथे 1979 पासून शुद्ध इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी बाजारात आल्या आणि त्यांच्या बोनेटखाली पेट्रोलची एक चिमुकली वेगळी टाकी असायची, फक्त गार सकाळी पहिला भडका उडवण्यासाठी. आपल्याकडच्या मिश्रणात 80 टक्के पेट्रोल आहे. त्यातला हलका अंश ते काम करून टाकतो, म्हणून आपल्याला असली टाकी लागत नाही.

डिझेलची कथा सगळ्यात नवलाची. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण ऐटीत म्हणतो. तर रुडॉल्फ डिझेल याचं यशस्वी इंजिन 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे फिरलं. त्यात ठिणगी नाही. नुसती हवा 16 ते 20 पट दाबायची. दाबली की ती तापते, इतकी की वर फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. आता थंडीचा खेळ बघा. दाबल्यानं हवेचं तापमान वाढतं ते बेरजेनं नव्हे, पटीनं, आणि निरपेक्ष शून्यापासून मोजून. त्यामुळे बाहेरची हवा 30 वरून 5 अंशांवर आली, तर दाबाच्या शेवटी सिलिंडरमधलं तापमान 25 नव्हे, सत्तरेक अंशांनी कमी भरतं. त्यात गार भिंती उष्णता पितात, आणि सेल्फ हळू फिरत असेल तर दाबलेली हवा रिंगांजवळून निसटायला भरपूर वेळ मिळतो. बॅटरीचा मंदपणा असा थेट डिझेलच्या पेटण्याच्या मुळावर येतो.

यासाठीच डिझेल गाडीत हीटर असतात, प्रत्येक सिलिंडरमध्ये बोटाएवढी सळई. चावी अर्धी फिरवली की मीटरवर वेटोळ्याचं पिवळं चिन्ह लागतं. तेव्हा ही सळई लालबुंद होत असते. नव्या गाड्यांत ती दोनेक सेकंदांत 1000 अंशांच्या आसपास जाते. ते चिन्ह विझेपर्यंत थांबणं एवढंच आपलं काम, आणि नेमकं तेच घाईत कुणी करत नाही. एकापेक्षा जास्त हीटर जळाले असतील तर गाडी सुरू होताना पांढरा धूर ओकते, अडखळते, मग हळूहळू सगळे सिलिंडर शुद्धीवर येतात.

विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाला ना बॅटरी, ना हीटर. तिथे शेतकरी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलतो. त्यानं व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा दाबली जातच नाही आणि हॅन्डल हलकं होतं. मग दोन्ही हातांनी हॅन्डल घुमवून जड फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि ऐन वेगात खटका सोडायचा. फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर एका फटक्यात हवा दाबतो आणि डुगडुग सुरू. माणसाच्या दंडात एका क्षणी जी ताकद नाही ती अर्ध्या मिनिटात चाकात साठवून एका क्षणात खर्च करायची, ही युक्ती मला सेल्फपेक्षा जास्त देखणी वाटते.

खुद्द डिझेलही थंडीत बदलतं. त्यात मेण असतं. गारठलं की त्याचे बारीक स्फटिक होतात आणि फिल्टर तुंबवतात. भारतीय मानकात नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या डिझेलला फिल्टर तुंबण्याची मर्यादा 6 अंश आहे, उन्हाळी डिझेलला 18. म्हणजे वर्षात दोन वेळा पंपावरचं डिझेल आपल्या नकळत बदलत असतं. जर्मनीत हिवाळी डिझेल उणे 20 अंशांपर्यंत चालावं लागतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. परभणीत तीन-चार अंशांची सकाळ कागदावर त्या 6 च्या खाली जाते. पण पहाटेचा तो गारठा तास-दोन तासांचा, टाकीभर डिझेल तेवढ्यात तितकं गार होत नाही, शिवाय शुद्धीकरण कारखाने मर्यादेपेक्षा बरंच चांगलं डिझेल देतात. ऑक्टोबरमध्ये टाकी भरून महिनोन् महिने उभ्या ठेवलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट वेगळी. पूर्वी अशा वेळी टाकीखाली किंवा इंजिनाखाली शेकोटी पेटवायचे. कृपा करून तसं करू नका.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन बोनेट उघडण्याआधी कान देतो. चावी फिरवल्यावर भराभर टकटकटक ऐकू आलं तर बॅटरी उतरली आहे: सेल्फ ओढू लागला की व्होल्ट कोसळतात, सेल्फला वीज जोडणारा रिले सुटतो, व्होल्ट परततात, रिले पुन्हा पकडतो, असा सेकंदाला कितीतरी वेळा चाललेला तो झगडा असतो. एकदाच जड ‘टक्’ झालं आणि दिवे मंद झाले नाहीत, तर संशय सेल्फवर. त्याचे कार्बन झिजलेले असतात. रेंगाळणारी घरघर आली तर बॅटरी किंवा तिची जोडणी.

जोडणीकडे लोक फार दुर्लक्ष करतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरलेली असते. तिचा रोध किती? समजा, फक्त 0.01 ओम. रेडिओला, दिव्याला त्यानं काहीच होत नाही. पण सेल्फचे 200 अँपिअर त्यातून जाताना 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात, आणि 400 वॉट उष्णता त्या इवल्याशा जागी तयार होते. म्हणून मिस्त्री दोन-तीनदा सेल्फ मारायला लावून हळूच टर्मिनलला बोट लावून पाहतो. गरम लागलं तर चोर सापडला. आधी काळी वायर सोडवायची, खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं पूड धुवायची, ब्रशनं धातू उजळवायचा, लाल वायर आधी आणि काळी शेवटी बसवायची, वरून व्हॅसलिन. पुष्कळदा एवढ्यावरच हजारो रुपयांची नवी बॅटरी वाचते.

"आधी हेडलाइट लावून बॅटरी गरम करा" हा सल्ला मात्र हिशेबात बसत नाही. दोन दिव्यांना 10 अँपिअर लागतात, बॅटरीचा आतला रोध 0.005 ओम धरला तर आत अर्धा वॉट उष्णता तयार होते. दहा-बारा किलोच्या पेटीला त्यानं काय ऊब येणार? उलट असलेला चार्ज जातो.

दुसऱ्या गाडीवरून केबल लावायची असेल तर लाल-लाल जोडा, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या.

सुरू झाली की दारातच घुर्र करत उभी ठेवण्यात अर्थ नाही. एकदा सुरू व्हायला लागणारा चार्ज खरं तर नगण्य असतो: 200 अँपिअर, 3 सेकंद, 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा अर्धा टक्काही नाही. पण पार उतरलेली बॅटरी भरायला तास लागतात. जिंतूरला चाळीसेक किलोमीटर जाऊन या, आणि तरी रात्री चार्जरवर लावा.

बॅटरीची खरी तपासणी जानेवारीत नव्हे, दसऱ्याला करावी. उन्हाळ्यानं जे करायचं ते करून झालेलं असतं आणि थंडी अजून यायची असते. शिवाय गाडी त्या दिवशी धुऊन-पुसून उभीच असते. बॅटरीवाला लोड टेस्टरनं बॅटरीच्या थंडीतल्या क्रँकिंग क्षमतेच्या (सीसीए) निम्मा प्रवाह 15 सेकंद ओढून बघतो, व्होल्ट 9.6 च्या वर राहिले तर बॅटरी पास. मात्र दसऱ्याला परभणीत दुपारी तिशीच्या वर ऊन असतं, आणि तेवढ्या उबेत काठावर पास झालेली बॅटरी डिसेंबरात नापासच होणार. ती झेंडूचा हार घालायच्या आधीच बदलून टाकलेली बरी.